मागच्या दारानं आलेली सवाष्ण

ही गोष्ट खरी आहे. आधीच सांगून ठेवते, कारण शेवटी कुणी मला 'म्हणजे नक्की काय झालं?' असं विचारलं तर माझ्याकडे उत्तर नाही.

आणि ही रात्रीची गोष्ट नाही. अमावस्या नाही, पिंपळ नाही, ओसाड रस्ता नाही.

भर दुपार. २००५ सालचा मे महिना. चेन्नईत पश्चिम मांबलममधलं एक साधं दोन मजली घर. बायकांची वर्दळ, केळीच्या पानांवर वाफाळता भात, आणि बाहेर असं ऊन की रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं.

त्या पंगतीत मी स्वतः बसले होते. पण मी पाहिली ती फक्त पंगत. बाकीचं सगळं जिच्यावर गुदरलं, तिनं मला नंतर बसवून सांगितलं. तिचं नाव विजयलक्ष्मी. आम्ही तिच्या वरच्या मजल्यावर भाडेकरू होतो. बाई कमालीची रोखठोक. माझी पहिली मिसळ चाखून तोंडावर म्हणाली होती, 'सावनी, ह्यात तिखट सोडून काय आहे?' अशी बाई उगाच भुताखेताच्या गोष्टी रचणार नाही.

घराणं तंजावरचं मराठी. त्यांचं मराठी ऐकून सुरुवातीला मला हसू फुटायचं. शब्द आपल्या पणजीच्या काळातले आणि चाल तमिळ. 'काय करूलालीस?' म्हणजे काय करते आहेस. नंतर इतकी सवय झाली की माझ्याच तोंडात तसं यायला लागलं.

विजयलक्ष्मीचा नवरा अनंतराव एन्नोरच्या वीजकेंद्रात होता. एक दिवस सकाळी डबा घेऊन कामाला गेला आणि दुपारी त्याचा डबाच तेवढा घरी आला. छातीत कळ आली होती म्हणे. मुलगी अनन्या तेव्हा शाळेत होती. त्याच्या आधी विजयलक्ष्मीच्या सासूचंही तसंच झालेलं, भर तारुण्यात.

नातेवाईक काय, बोलायला मोकळेच. तोंडावर नाही, पण पाठीमागे सगळे म्हणायचे, त्या घरात कुंकू टिकत नाही.

आता अनन्याचं लग्न ठरलं होतं. मुलगा सिद्धार्थ, पुण्याचा, गुम्मिडिपूंडीच्या एका कारखान्यात इंजिनीअर. दोघांनी एकमेकांना पसंत केलेलं. हसरा, उंच, गुणी पोरगा. विजयलक्ष्मी त्याच्याकडे बघत राहायची. तिला एकच भीती होती. आपलं झालं ते लेकीचं होऊ नये.

त्यांच्यात लग्नाआधी सवाष्णी घालतात. तमिळ लोक ह्याला सुमंगली प्रार्थना म्हणतात. आपल्याकडेही सवाष्ण जेवायला बोलावतात, पण ह्यांची रीत निराळी. घराण्यात ज्या बायका नवऱ्याच्या आधी, कुंकू लावून गेल्या, त्यांना जेवायला बोलवायचं. मेलेल्यांना. एका खोलीत पाटावर नवं नऊवारी लुगडं निऱ्या करून ठेवायचं. शेजारी हळद, कुंकू, हिरव्या बांगड्या, आरसा, आणि समोर वाढलेलं पान. मग घरच्या सुनेनं उंबऱ्यावर उभं राहून एकेकीला नावानं हाक मारायची. हाक मारून झाली की खोलीचं दार ओढून घ्यायचं आणि सगळ्यांनी गप्प बसायचं. त्या येतात, जेवतात, मुलीला आशीर्वाद देऊन जातात.

पण नाव घेऊन बोलवावं लागतं. आणि नावंच कुणाला माहीत नव्हती.

विजयलक्ष्मीच्या सासूच्या वेळी ती माहीत नव्हती, तिच्या स्वतःच्या वेळीही नव्हती. दोन्ही वेळा 'ज्या कुणी असाल त्या या' असं म्हणून भागवलं होतं. आणि दोघींचं काय झालं ते समोर होतं. ह्यावेळी असं भागवायचं नाही, असं तिनं मनाशी ठरवलं.

घरातलं वडीलधारं माणूस एकच उरलं होतं, महालक्ष्मी अत्या. अनंतरावांच्या वडिलांची बहीण. ती तांबरमला मुलाकडे अंथरुणाला खिळलेली. फोनवर तिला धड ऐकू येत नसे. तिच्याकडून एक नाव कळलं, अंबूबाई. बाकी कुणाला काही ठाऊक नव्हतं.

मग विजयलक्ष्मी हात धुवून त्या नावांच्या मागे लागली. ऑफिसातून अर्धी रजा टाकायची आणि जुन्या मृत्युनोंदींच्या दफ्तरात जाऊन बसायची. घराणं तंजावर सोडून आधी ट्रिप्लिकेनला राहिलं होतं, एवढं माहीत होतं. तिनं त्या गल्लीच्या नोंदी काढायला लावल्या. पानं अशी की हात लावला तर पापडासारखी मोडायची. धुळीनं तिला खोकला लागला, तरी जात राहिली. कुठे नुसतं नाव, कुठे घराचा नंबर पुसलेला, कुठे एकाच घरात दोन कुटुंबं. ही आपली की शेजाऱ्यांची, ह्याच विचारात संध्याकाळ व्हायची.

शेवटी तीन नावं हाती लागली. अंबूबाई. सक्कूबाई. आणि तुळजा.

तुळजाच्या नावापुढे नवऱ्याचं नाव होतं गिरीधरराव. ताप येऊन गेली, वय तेरा.

तेरा वर्षांची पोर. विजयलक्ष्मीला गलबलून आलं. पण नवऱ्याआधी गेली की नंतर, हे नोंदीत नव्हतं. ती गल्लीतल्या देवळात गेली. तिथं जुन्या दात्यांच्या नावाच्या फरश्या भिंतीत बसवलेल्या. एका फरशीवर तेलाची पुटं चढली होती. तिनं पदरानं ती पुसली.

गिरीधरराव. घराण्याचं तेच नाव, गल्ली तीच. आणि साल... तुळजा गेल्यानंतरचं. चांगलं वीस-पंचवीस वर्षांनंतरचं.

म्हणजे नवरा मागे राहिला होता. म्हणजे ती सवाष्ण गेली.

विजयलक्ष्मी त्या दिवशी पेढे घेऊन वर आली. इतकं खूश मी तिला कधी पाहिलं नव्हतं.

सवाष्णींचा दिवस आला. एक बाई कमी पडत होती म्हणून मला पानावर बसवलं. बाहेर कडकडीत ऊन. वीज गेलेली. पंखे बंद.

विजयलक्ष्मी मात्र कुठेच नव्हती. तिच्याच घरचं कार्य, तिचीच लेक, आणि ती स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी, आतल्या पायरीवर बसलेली. विधवेनं त्या वेळी समोर यायचं नाही. कपाळावर अंगाऱ्याची बारीक रेघ, हात मोकळे. मला तेव्हाच राग आला होता, पण परक्या घरात बोलणार काय?

उंबऱ्यावर उभी राहिली ती तिची चुलत जाऊ विद्युलता. तिनं अक्षता घेतल्या आणि हाक मारली. अंबूबाई, या. सक्कूबाई, या.

काही झालं नाही. कुणीतरी खोकलं. कुणाच्या तरी कडेवरचं मूल रडायला लागलं आणि गप्प झालं.

मग विद्युलता म्हणाली, तुळजाबाई, या.

पुढचं विजयलक्ष्मीनं सांगितलेलं.

ती मागच्या पायरीवर, दाराकडे पाठ करून बसली होती. मागचं दार तिनं स्वतः ओढून घेतलं होतं, झळ येत होती म्हणून. तिसरी हाक तिच्या कानावर आली, आणि पाठीमागे...

कडी हलली.

दार थोडंसं उघडलं. ऊन आत आलं नाही.

काहीतरी तिच्या गुडघ्याला घासून गेलं. ओलं, जाडंभरडं कापड. धुण्याच्या दगडावर पडून राहिलेल्या कापडाला येतो तसा कुबट वास. तिला वाटलं, शेजारची मुलगी आली असेल. तिनं वळून पाहिलं.

कुणी नव्हतं.

आत खोलीचं दार ओढून घेतलं गेलं. आम्ही सगळ्या पानावर गप्प. त्या शांततेत मी स्वतःच्या कानांनी ऐकलं...

बांगड्या.

आधी एक. मग दुसरी. कुणीतरी एकेक करून, घाई न करता, हातात चढवत होतं. माझ्या शेजारच्या पानावर बसलेल्या एका मामींनी माझा हात धरला.

मग टाळ्या वाजवून विद्युलतेनं दार उघडलं. बांगड्या नव्हत्या. लुगड्याच्या निऱ्या पार सुटलेल्या, अर्धं लुगडं जमिनीवर लोळलेलं. पानावरच्या पोळीचा एक घास मोडलेला. कुंकवाच्या करंड्यात बोट बुडवल्याची खूण. अगदी बारीक बोट.

"आल्या," विद्युलता म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "तिघी येऊन गेल्या."

सगळ्यांना आनंद झाला. विजयलक्ष्मी मागे पायरीवरच ओंजळीत तोंड धरून रडली. सुखानं रडली. आता माझ्या लेकीला कशाची भीती नाही, असं तिला वाटलं.

संध्याकाळी फोन आला. कारखान्यात वजन उचलायच्या यंत्राची साखळी तुटली होती. खाली सिद्धार्थ उभा होता. कपाळाला खरचटलं, एवढंच. जरा इकडेतिकडे झालं असतं तर... सगळे म्हणाले, सवाष्णींनी वाचवलं. विजयलक्ष्मीनंही देवापुढे साखर ठेवली.

वेळ विचारावी असं कुणाला सुचलं नाही. तिलाही ते फार उशिरा सुचलं. साखळी तुटली ती दुपारी, पंगत चालू असताना.

मग घरात बारीकसारीक गोष्टी व्हायला लागल्या.

अनन्या ऑफिसातून आली की टिकली काढून कपाटाच्या आरशाला चिकटवायची. आपण सगळ्याच चिकटवतो. आरशाच्या कडेला टिकल्यांची रांग लागलेली असायची. ती रांग कमी होऊ लागली. विजयलक्ष्मीला वाटलं, उन्हानं डिंक सुटला असेल. खाली शोधल्या. एकही सापडली नाही.

एकदा देवळात जायचं म्हणून अनन्यानं कुंकू लावलं. दाराशी जाईपर्यंत कपाळ कोरं. घामानं गेलं म्हणून परत लावलं. परत कोरं. रुमालाला डागसुद्धा नाही. त्याच दिवशी सिद्धार्थ तापानं फणफणला.

आणि दुपारची ती किणकिण...

त्या घरात बांगड्या कुणी घालतच नव्हतं. विजयलक्ष्मीचे हात अनंतराव गेल्यापासून मोकळे. अनन्याच्या हातात घड्याळ. तरी दुपारी सगळं सामसूम झालं की मागच्या बाजूला, नळाशी, बांगड्या वाजायच्या. पावलांचा आवाज नाही. नुसत्या बांगड्या.

सिद्धार्थचा ताप उतरेना. दवाखान्यात भरती केलं. सगळ्या तपासण्या झाल्या, काही निघेना. लग्न दारात आलेलं. पुण्याहून त्याचे आईवडील आले. अनन्या दिवसभर दवाखान्यात बसून राहायची. एका दुपारी ती घरी कपडे बदलायला आली, तर तिच्या कपाळावर टिकलीच्या जागी नुसता फिका गोल होता. तिला पत्ताच नव्हता.

अनन्या परत गेली. विजयलक्ष्मी कॉटवर आडवी झाली. झोप कसली लागणार? डोळे मिटून पडली होती. किणकिण आली. मागून. मग स्वयंपाकघरातून. मग खोलीत.

तिनं डोळे किंचित उघडले. कपाटाचा आरसा समोरच होता.

आरशात एक मुलगी उभी होती.

अंगावर तेच नवं लुगडं, कसंतरी गुंडाळलेलं. पदर डोक्यावरून पुढे ओढलेला. कोपरापर्यंत चढवलेल्या हिरव्या बांगड्या. कपाळावर एवढं मोठं कुंकू, लहान पोरी आईच्या नकळत लावतात तसं. ती चवड्यावर उभी राहून स्वतःला बघत होती. मान इकडे करून, तिकडे करून.

हसत होती.

मग तिचा पदर घसरला...

डोकं तुळतुळीत होतं. वस्तरा फिरवलेलं.

विजयलक्ष्मी उठून बसली. आरशात आता फक्त ती स्वतः होती.

तिला सगळं कळलं असं नाही. पण एवढं कळलं की सवाष्णीचं डोकं कुणी भादरत नाही.

ती तशीच निघाली आणि लोकल पकडून तांबरमला गेली. महालक्ष्मी अत्याच्या कानाशी तोंड नेऊन तिनं विचारलं, अत्या, गिरीधरराव कोण? अत्येला ते नाव लगेच आठवलं. तिचाच मोठा भाऊ. देवळाला दिवे दिले होते त्यानं. लग्नच केलं नाही, बिनलग्नाचा गेला.

मग तुळजा कुणाची?

अत्येनं तिला आणखी जवळ बोलावलं. मग म्हणाली, "माझ्या भावाला ते नाव का पडलं, ठाऊक आहे तुला? आमच्या अप्पांचे, माझ्या वडिलांचे, थोरले बंधू गिरीधरराव. ते वारले, म्हणून. आपल्या घरात माणूस जिवंत आहे तोवर त्याचं नाव पोराला ठेवत नाहीत."

थोरले गिरीधरराव पंधरा-सोळाचे असतानाच गेले होते. त्यांची बायको पोरच होती. तिचं नावही अत्येला माहीत नव्हतं, कुणी कधी घेतलंच नव्हतं. बायका दबक्या आवाजात 'मागची' एवढंच म्हणायच्या. मागच्या दारानं यायची, मागच्या दारानं जायची, मागेच निजायची. सकाळी कुणाला तोंड दाखवायचं नाही. मागेच तापात गेली.

फरशीवरचं नाव पुतण्याचं होतं. आणि अत्येच्या जन्माआधीच विधवा होऊन मेलेल्या पोरीला ह्या घरानं सवाष्ण म्हणून हाक मारली होती. तिच्यापुढे कुंकू ठेवलं होतं, बांगड्या ठेवल्या होत्या. नाव घेऊन, या म्हटलं होतं.

ती आली. जाईल कशाला?

पण कुंकू लावायचं तर नवरा जिवंत लागतो. तिला तो नव्हता. घरात एकच कुंकू होतं, ते अनन्याचं, सिद्धार्थच्या नावाचं.

अत्येनं उपाय सांगितला. मागच्या दाराशी बस. बांगड्यांचा नवा जोड ठेव, कुंकू ठेव, तिला नावानं हाक मार. आली की तिच्यासमोर कुंकू पूस आणि बांगड्या वाढव. दिलेलं काढून घेतलं की जाईल. बांगड्या वाढवायच्या म्हणजे फोडायच्या, हे विजयलक्ष्मीला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिनं बाजारातून बांगड्या आणल्या. दुकानदारानं माप विचारलं. मुलगी केवढी आहे, म्हणाला. तेरा, असं तिच्या तोंडून निघून गेलं.

दुपारी घरात कुणी नव्हतं. ती मागच्या पायरीवर बसली. पुढ्यात करंडा, बांगड्या, आणि हातात वरवंटा. दवाखान्यात सिद्धार्थ डोळे उघडत नव्हता. अनन्यानं सकाळी फोनवर नुसतं 'अम्मा' म्हटलं होतं आणि फोन ठेवून दिला होता.

विजयलक्ष्मीनं हाक मारली.

किणकिण आली. अगदी जवळ. दारापाशी येऊन थांबली.

मग काही नाही. ती पोर तिथं उभी होती, दाराआड, हलत नव्हती. बांगड्या वाजू नयेत म्हणून तिनं हात छातीशी आवळून धरले असावेत, असं विजयलक्ष्मीला वाटलं. काय होणार आहे हे तिला माहीत होतं. एकदा झालं होतं तिचं.

विजयलक्ष्मीचंही झालं होतं. दहाव्या दिवशी, ह्याच घराच्या ह्याच नळाशी. दोघींनी तिचे हात दगडावर धरले होते. तिनं एका बाईला हात जोडून विनवलं होतं, एक तरी राहू द्या. तेव्हा ती चाळिशीला टेकली होती, आणि ही तर पोर होती.

तिच्यानं वरवंटा उचलवेना. तिनं तो बाजूला ठेवला.

आणि दाराकडे न बघता ती बोलली, "तुळजा, ते कुंकू माझ्या लेकीचं आहे. त्याला हात लावायचा नाही. तुला मी देते. रोज देते, मी आहे तोवर. इथंच बसून लाव. पण तिच्या वाटेला जायचं नाही. कळलं ना बाळा, कण्णा?"

विधवेनं दिलेलं कुंकू. शास्त्रात बसतं का, कोण जाणे. पण दुसरं देणार तरी कोण होतं?

बराच वेळ काही झालं नाही.

मग तिच्यासमोर, तिच्या डोळ्यांदेखत, करंड्यातल्या कुंकवात एक बारीकसा खळगा पडला.

फोन वाजला. अनन्या होती. सिद्धार्थला घाम फुटला होता, त्यानं पाणी मागितलं होतं.

लग्न ठरल्या मुहूर्तावर झालं. मी त्यात मनसोक्त जेवले, आणि मला ह्यातलं अक्षरही माहीत नव्हतं. जोडपं पुण्याला गेलं. विजयलक्ष्मी एकटी राहिली. म्हणजे आम्हाला तसं वाटायचं. रोज सकाळी मागच्या दाराशी ती करंडा ठेवते, हे मी वरून पाहायचे. तुळशीसाठी असेल म्हणून मी कधी विचारलं नाही. रोज दुपारी कुंकवात खळगा पडायचा. कधी ती पोळी ठेवायची, कधी गजरा. ती मला म्हणाली, खोटं कशाला बोलू, मला तिची सवय झाली होती. दुपारी किणकिण आली नाही तर चुकल्यासारखं व्हायचं.

पण तिनं शब्द दिला होता, आणि शब्दाची किंमत पडतेच. ती एक दिवसही घर सोडून जाईना. चार वर्षांत पुण्याला एकदाही गेली नाही. आणि अनन्याला दिवस गेले तेव्हा तर कहरच झाला. पहिलं बाळंतपण माहेरचं. पोरगी बॅग भरून बसली होती. विजयलक्ष्मीनं फोनवर सांगितलं, इथं येऊ नकोस. इथं पाण्याचे हाल आहेत, मला रजा नाही, गुडघे दुखतात. हजार सबबी. ह्या घरात, त्या दाराशी, बाळ-बाळंतीण आणायची तिची हिंमत होईना. खरं कारण सांगता येईना.

अनन्या दुखावली. मुलगी झाली, तरी अम्मा गेली नाही. बारशालाही गेली नाही.

बारशाच्या दिवशी दुपारी अनन्याचा फोन आला. विजयलक्ष्मी मागच्या पायरीवर करंड्याशीच बसली होती. लेकीचा आवाज रुसलेला, पण त्यात मायाही होती.

"तू नाही आलीस, अम्मा. म्हटलं, निदान नाव तरी आपल्या घरचं ठेवू. तू शोधून काढलेल्या नावांतलं. सिद्धार्थच्या आईलाही इतकं आवडलं. तुळजा ठेवलं."

नको म्हणायला विजयलक्ष्मीनं तोंड उघडलं. पण तिकडे बाळाच्या आत्यानं ते नाव कानात सांगितलंही होतं.

दारापाशी बांगड्या वाजल्या. एकदाच. कुणीतरी चटकन उठून उभं राहिल्यासारख्या.

आणि मागचं दार उघडलं.

त्या दिवशी संध्याकाळी तिनं मला खाली बोलावून हे सगळं सांगितलं. करंडा दाखवला. कुंकू सपाट होतं, दुकानातून आणल्यासारखं. मी तिला समजावलं, अहो, चांगलंच झालं. मेलेल्याचं नाव घरात ठेवतात ना तुमच्यात? तिला नवा जन्म मिळाला समजा. ती बिचारी सुटली.

विजयलक्ष्मीनं मान हलवली. ती म्हणाली, तेच व्हावं गं सावनी, तेच व्हावं.

त्या दुपारनंतर कुंकवात खळगा पडला नाही. बांगड्या वाजल्या नाहीत.

पुढे काही महिन्यांनी मी तिच्याकडे बसले होते तेव्हा अनन्याचा फोन आला. तिचा आवाज मलाही ऐकू येत होता. कौतुक चाललं होतं. बाळ रांगतं, दात आलेत, नुसतं हसतं. आणि एक खोड लागली आहे तिला, म्हणाली. कडेवर घेतलं की माझ्या कपाळावरची टिकली काढते. रोज. कुठे टाकते कळत नाही, शोधली तर सापडत नाही.

मी मोठ्यानं म्हटलं, सगळीच मुलं करतात असं. माझ्या भाच्यानंही केलं होतं.

विजयलक्ष्मीनं फोन दुसऱ्या कानाला लावला आणि विचारलं, सिद्धार्थ कामावरून आला का?

आला की, अम्मा, अनन्या हसून म्हणाली. रोज काय विचारतेस?

ती अजून रोज विचारते. आम्ही चेन्नई सोडली, पण आमचं फोनवर बोलणं होतं. करंडा अजून ठेवते का, असं मी मध्ये विचारलं. ठेवते, म्हणाली. आणि दुपारी मागच्या दाराला कडी लावत नाही. ती पोर परत यायची झाली तर तिला आत येता यावं म्हणून.